नजरअंदाज 214 किलोमीटर

गेल्या वर्षीचा जूनचा दुसरा शनिवार. सकाळचे साडेनऊ. गाडी रात्रभर चार्जिंगला होती. डॅशबोर्डवर 100 टक्के, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 214 किलोमीटर. माझं माहेर साक्रीच्या थोडं पुढं, जळगावच्या आमच्या दारापासून 155 किलोमीटर. 214 मधून 155 गेले की 59 उरतात, असा हिशेब केला आणि निघाले. माझे वडील, आबा, ऐंशीच्या पुढचे, गावी एकटेच असतात. पेट्रोलची गाडी विकून ही विजेची घेतली ती मुख्यतः त्यांच्याकडे वरचेवर जाता यावं म्हणूनच.

बांभोरीचा गिरणेवरचा पूल, विद्यापीठ, पाळधी, एरंडोल. तरसोद ते फागणे रस्ता चौपदरी झाल्यापासून पाय आपसूक दाबला जातो; काटा 85-90 वर होता. एसी चालू. पारोळ्याला 56 किलोमीटर झाले तेव्हा 158 दिसायला हवे होते, दिसले 128. धुळ्यात शिरले तेव्हा 95 किलोमीटर झाले होते आणि गाडी म्हणत होती, आता फक्त 82. म्हणजे 95 किलोमीटर चालून 132 किलोमीटर खर्च झाले होते. पुढं 60 जायचं होतं, तेही चढाचं. धुळ्याबाहेर एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे असं मोबाइलवर दिसत होतं. गेले तर त्याचा पडदा काळा. मग एसी बंद केला, खिडक्या थोड्या उघडल्या आणि 55-60 च्या वेगानं साक्रीच्या रस्त्याला लागले. मागून येणारे ट्रक ओलांडून जात होते. डोळे रस्त्यावर कमी आणि त्या आकड्यावर जास्त, ही चूकच होती. माहेरच्या अंगणात थांबले तेव्हा 34 उरले होते.

रात्री झोप लागेना, म्हणून वहीत आकडे मांडले. पहिल्या टप्प्यात 95 किलोमीटरला 132 गेले. दुसऱ्या टप्प्यात 60 किलोमीटरला फक्त 48 गेले. गाडी तीच, बॅटरी तीच, दिवस तोच. मी 26 वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ज्या आकड्यातून मी वजाबाकी करत होते, तो वजाबाकीचा आकडाच नव्हता, हे त्या रात्री कळलं.

सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. आबांच्या ओट्यावरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर गाडी रात्रभर लावली होती. नशिबानं वीज गेली नाही. पुन्हा 100 टक्के झालं होतं, पण खाली 214 नव्हे, 190. आबा चहाचा कप घेऊन खिडकीतून बघत होते. त्यांनी विचारलं, ‘कितली चालस वं माय तुन्ही गाडी?’ मी सांगितलं, काल भरलेल्या बॅटरीला 214 म्हणत होती, आज भरलेल्या बॅटरीला 190 म्हणते. आबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘हाऊ आकडा कोन लिखस मंग?’

आकडा कोण लिहितं? प्रश्न अगदी नेमका होता. उत्तरही मला आबांच्याच जगात सापडलं.

गावात सप्टेंबर संपता संपता पैसेवारी, म्हणजे रुपयामागे किती पैसे पीक येईल याचा सरकारी आकडा, जाहीर होते. तिचं पहिलं रूप नजरअंदाज. तलाठी आणि गावची समिती शेतं फिरून उभं पीक बघतात आणि ठरवतात, यंदा इतके पैसे. तेव्हा कापूस बोंडात असतो, बाजरी कणसात. कुणी एक पोतंही मोजलेलं नसतं. ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी येते आणि अंतिम आकडा वर्षअखेरीकडे. 50 पैशांच्या खाली की वर, यावर दुष्काळी सवलती ठरतात, म्हणून गावात त्या आकड्यावरून भांडणं होतात. दुसरीकडं पीक कापणी प्रयोग असतो: ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं आणि काट्यावर तोलायचं. एक बघून सांगितलेला आकडा, एक तोलून सांगितलेला. आबांनी दोन्ही आयुष्यभर पाहिलेत, आणि दोन्हींत गल्लत केली की काय होतं हेही.

गाडीची रेंज ही नजरअंदाज पैसेवारी आहे. ती मोजलेली नसते. बॅटरीत वीज किती उरली आणि गाडीनं अलीकडे एका युनिटमागे किती ॲव्हरेज दिलं, या दोन गोष्टींचा तो गुणाकार असतो. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं तेच युनिट. माझ्या गाडीची बॅटरी 30 युनिटांची. प्रत्यक्ष वापरायला त्यातली साडेअठ्ठावीसच्या आसपास मिळतात. आधीचा आठवडाभर मी जळगावात कॉलेज, बाजार, घर अशी फिरले होते, एसी लावून, सिग्नलला थांबत. त्यात युनिटला साडेसात किलोमीटर पडले. साडेअठ्ठावीस गुणिले साडेसात, म्हणजे 214. शनिवारी सकाळी गाडी मला एवढंच सांगत होती की, या आठवड्यात तू जशी फिरलीस तशीच पुढंही फिरलीस तर 214. मी मात्र साक्रीचा रस्ता धरला होता. गाडीला तो रस्ता माहीत नव्हता, माझा वेग माहीत नव्हता, समोरून येणारा वारा तर नाहीच. पहिल्या टप्प्यात ॲव्हरेज सहावर आलं. ते जसजसं तिच्या लक्षात आलं, तसतसा तिनं आपला अंदाज सुधारला, आणि मला वाटलं ती किलोमीटर गिळतेय. धुळ्यानंतर मी हळू चालवली, ॲव्हरेज पुन्हा साडेसातवर गेलं, तेव्हा तिनं अंदाज उलट्या बाजूनं सुधारला. शेवटचे किती किलोमीटर हिशेबात धरायचे हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे काही गाड्यांचा आकडा चंचल असतो, काहींचा संथ. नव्या गाड्यांत ठिकाण आधी टाकलं तर काही जणी रस्त्याचा चढउतारही धरतात. तरी तोही अंदाजच.

मग तोललेलं काय असतं? त्यातल्या त्यात टक्का. ‘त्यातल्या त्यात’ मुद्दाम म्हणते, कारण बॅटरीत डोकावून बघायला काडी नसते. आबा ट्रॅक्टरच्या टाकीत काडी बुडवून डिझेल बघायचे. ओली झालेली काडी खोटं सांगत नाही. बॅटरीत मात्र आत किती वीज गेली, बाहेर किती आली, याची वही गाडीतला संगणक सतत लिहीत असतो, किराणा दुकानातल्या जमाखर्चासारखी. वहीत बारीक चुका साठतात. त्या तपासायला सेलचं व्होल्टेज उपयोगी पडतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत असते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी इथं अडचण करते. तिचं व्होल्टेज 80 टक्क्यांना आणि 40 टक्क्यांना जवळजवळ सारखंच राहतं. फरक कळतो तो अगदी वर किंवा अगदी खाली. म्हणूनच अशा गाड्यांना अधूनमधून पूर्ण 100 टक्के चार्ज करा असं कंपन्या सांगतात. तेव्हा वहीचा ताळा जुळतो. हे न केल्यानं टक्का अचानक घसरलेला दिसतो आणि माणूस घाबरतो. आणखी एक: घरच्या मीटरवर माझी गाडी पूर्ण भरायला 32 च्या आसपास युनिटं पडतात. वरची युनिटं चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णता होऊन जातात. ती बिलात येतात, रेंजमध्ये नाही.

आता वाऱ्याचं सांगते, कारण खान्देशात राहून आपण त्याला विसरतो याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागं ओढतात. एक टायरचं रस्त्याशी घर्षण. ते वेगाबरोबर फारसं बदलत नाही. दुसरा हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गानं वाढतो. 60 ऐवजी 90 नं गेलात तर वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोनपट. पेट्रोलच्या गाडीतही हे असतंच, पण तिथं इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेतच घालवतं, शहरात तर फारच, त्यामुळे महामार्गावर ॲव्हरेज सुधारल्यासारखं वाटतं. विजेच्या गाडीची मोटर काटकसरी, म्हणून हवेला दिलेला प्रत्येक पैसा वहीत स्वच्छ दिसतो. पेट्रोल गाडीच्या सवयीनं आपण म्हणतो, हायवेला जास्त चालेल. विजेच्या गाडीत नेमकं उलटं.

आणि हवेला गाडीचा रस्त्यावरचा वेग दिसत नाही, हवेच्या तुलनेतला वेग दिसतो. जूनमध्ये वारा पश्चिमेकडून येतो. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, हा सगळा रस्ता त्या वाऱ्याच्या तोंडावर जातो. वारा ताशी 20 चा असेल आणि मी 70 नं चालले असेन, तर हवेच्या लेखी मी 90 नं चाललेय. हा वारा किती भरवशाचा आहे याचा पुरावा साक्री तालुक्यातच उभा आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. वारा नसता तर कुणी एवढा पैसा ओतला नसता. जो वारा तिथं वीज तयार करतो, तोच माझ्या बॅटरीतून काढून घेत होता. साक्री तालुक्यातच महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्पही आहे, आणि आमच्या जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र. माझ्या प्लगमधलं युनिट यांतल्या कुठून आलं ते वेगळं काढता येत नाही, पण वाऱ्याकडं बघायची माझी नजर त्या दिवसापासून बदलली. आता निघण्याआधी मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या साड्या कोणत्या बाजूला फडफडतायत ते बघते.

चढाचं गणित नदी सांगते. पांझरा सह्याद्रीत उगवून पिंपळनेरकडून धुळ्याला येते आणि पुढं तापीला मिळते. मी साक्रीला जाते म्हणजे नदीच्या उलट जाते, म्हणजे चढच. डोळ्याला सपाट दिसतो, बॅटरीला नाही. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी 100 मीटर उंच न्यायला अर्ध्या युनिटच्या आसपास लागतं. तेवढी वीज हरवत नाही, उंचीत साठते, आणि परत येताना बरीचशी मिळते: ब्रेक न लावता पाय उचलला की मोटरच जनित्र होते.

दुसऱ्या दिवशी परतताना हे सगळं माझ्या बाजूनं होतं. वारा पाठीशी, उतार, वेग 65-70, एसी चालू. 190 वर निघाले, 155 किलोमीटर चालले, घरी पोचले तेव्हा आकडा 118. म्हणजे 155 किलोमीटरला 72 च खर्च. टक्क्यांत सांगते: जाताना 83 टक्के लागले, येताना 54.

चाळीसगावच्या माझ्या मामेभावाला याहून मोठा धक्का बसला. तो कन्नडचा घाट चढून गेला. पायथ्याला 180, माथ्यावर 128. बारा किलोमीटरमध्ये 52 गेले. फोन आला, ‘ताई, बॅटरी गेली वाटतं.’ गेली नव्हती. समजा घाट 300 मीटर चढतो, तर त्या चढाला जादा लागणारी वीज दीड युनिटच्या आसपास. सपाटीवर तेवढ्यात दहा-अकरा किलोमीटर झाले असते. मग बाकीचे कुठं गेले? ते गेलेच नाहीत. शेवटचे बारा किलोमीटर घाटाचे होते, म्हणून पुढचा सगळा रस्ता घाटच आहे असं गाडीनं धरलं. त्याला म्हटलं, थांबू नकोस, पठारावर चालत राहा. पुढच्या 30 किलोमीटरमध्ये आकडा आठानंच कमी झाला. उतरताना मात्र सांभाळायला हवं. घाट उतरून आल्यावर हाच आकडा फुगलेला असतो, कारण गाडीला वाटतं पुढचं सगळं जग उताराचं. कमी दाखवणारा आकडा आपल्याला घाबरवतो. जास्त दाखवणारा रस्त्यात सोडून देतो. मला या दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

एसीबद्दल लोक मला फार विचारतात. मे महिन्यात जळगावला पारा 44-45 वर जातो. उन्हात तापलेल्या गाडीचा एसी सुरुवातीला तासाला दीड-दोन युनिटच्या वेगानं वीज घेतो, मग कमी होतो. पण एसीचा हिशेब तासाचा असतो, किलोमीटरचा नाही. त्यामुळे रेंज खाल्ली जाते ती महामार्गापेक्षा गर्दीत जास्त. तासाला 25 च्या चालीनं बाजारातून जाताना दर किलोमीटरला एसीचा जो वाटा पडतो, तो 75 नं जाताना एक तृतीयांश होतो. म्हणून मी आता एसी बंद करत नाही. वेग दहानं कमी करते. माझ्या वहीत त्याचा फायदा जास्त निघाला. आणि 44 अंशांत खिडक्या उघड्या टाकून वयस्क माणसाला शंभर किलोमीटर नेणं मला पटत नाही. गाडी सावलीत लावून, अजून प्लगला असतानाच थंड करून घेतली तर तो पहिला मोठा खर्च भिंतीतून होतो, बॅटरीतून नाही.

थंड देशांत हीच कथा थंडीची. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर 100 नव्या गाड्यांमागे जवळजवळ 89 विजेच्या होत्या. तिथली वाहनधारकांची संघटना 2020 पासून दर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळ्या गाड्या खऱ्या रस्त्यावर बंद पडेपर्यंत चालवते आणि कागदावरच्या रेंजपेक्षा किती कमी पडली ते जाहीर करते. आपल्याकडं असं कुणी 45 अंशांत, मे महिन्यात, भुसावळ-धुळे रस्त्यावर करावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण जाहिरातीतला आकडा हा तिसराच प्रकार आहे. तो मोजलेला असतो, पण दुसऱ्याच शेतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे चालवतात. त्या भारतीय आराखड्यात कमाल वेग ताशी 90, पण सरासरी 32-33 च. एसी बंद. 2020 च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा 30.2 युनिटांच्या बॅटरीला 312 किलोमीटर असा प्रमाणित आकडा होता. भागाकार केला तर युनिटला दहाच्या वर. मला तेवढं ॲव्हरेज वारा आणि उतार पाठीशी असताना मिळालं. 2021 च्या मार्चमध्ये रेंज कमी मिळते या तक्रारीवरून दिल्ली सरकारनं त्या गाडीचं अनुदान थांबवलं, आणि काही दिवसांतच उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. प्रमाणपत्र खोटं नव्हतं आणि ग्राहकाची तक्रारही खोटी नव्हती. एका आकड्यानं दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. पुढं टाटांनीच 2024 पासून प्रमाणित आकड्याबरोबर रोजच्या वापरात बहुतेकांना मिळेल असा वेगळा, बराच कमी आकडा द्यायला सुरुवात केली. हे चांगलं झालं.

मी स्वतः काय करते? रेंजचा आकडा झाकता येत नाही, पण मी त्याकडं बघणं सोडलंय. मी एक टक्क्याला किती किलोमीटर ते बघते. माझ्या गाडीला वाऱ्याच्या तोंडावर, 90 च्या वेगानं, टक्क्याला 1.7 पडतात. हळू चालवत, चढावर, 2.1. परतीला 2.9. हे तीन आकडे एका कार्डावर लिहून काचेजवळ ठेवलेत. पहिले 20 किलोमीटर झाले की किती टक्के गेले ते बघते, आणि त्या दिवसाचा आकडा तिथंच कळतो. नको तसा असेल तर एरंडोलच्या आतच वेग कमी करते, धुळ्यापर्यंत वाट बघत नाही. पोचताना 15 टक्के हाताशी हवेत, हा माझा नियम. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. दोन-चार फेऱ्यांत मिळतात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या वहीतून घेता येत नाहीत.

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा गेले. निघताना गाडी 221 म्हणत होती. 70 नं चालवली, पारोळ्याला चहासाठी थांबले, धुळ्यात थांबावं लागलं नाही. अंगणात शिरले तर आबा ओट्यावरच होते. किलोमीटर त्यांनी विचारले नाहीत.

‘कितला टक्का उरनात?’

‘32.’

त्यांनी खिशातून डायरी काढली. गेल्या जूनपासूनच्या प्रत्येक फेरीचा आकडा त्यात आहे, आणि शेजारी त्या दिवशी वारा कसा होता ते. आज त्यांनी 32 च्या पुढं लिहिलं, ‘वारा जोरात’.

मग मी प्लग लावला.